वाकून मागं जाणारे पाय

उंच माणसाला हरवायचं असेल तर त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, हे मी दिपेशला पहिल्याच दिवशी सांगितलं. तोंड फार वर असतं. तिकडं बघितलं की आपली मान वर होते, हनुवटी उघडी पडते, आणि तो डावा हात लांब करून तिथंच ठोसा ठेवून देतो. बघायचं त्याच्या बरगडीकडं. तिथं सगळं कळतं, हात कधी येणार, वजन कुठल्या पायावर आहे, दम कितपत उरलाय.

दिपेश माझा दीर. बावीस वर्षांचा, शंभर किलोचा, उंचीला मात्र पाच फूट नऊ. ज्याच्याशी त्याला लढायचं होतं तो अभयराज सहा फूट सात. ब्याण्णव किलोच्या वरच्या गटात सहा वर्षं त्याला कुणी हरवलेलं नव्हतं. सगळे त्याला ताड म्हणत.

माझा नवरा मितेश त्याच्याशीच लढून मेला.

हे असं एका ओळीत सांगायला मला दोन वर्षं लागली. नाशिकला लढत झाली, ऑगस्टमध्ये. मितेश हरला, पण स्वतःच्या पायांनी खाली उतरला. बाहेर येऊन दोन वडापाव खाल्ले. मला फोनवर म्हणाला, "हरलो गो. पण पोराला सांग, बाप शेवटपर्यंत उभा व्हता." मला तेव्हा पाचवा महिना होता, आणि त्याला मुलगाच होणार असं वाटत होतं. परत येताना जीपमध्ये डोकं जड झालंय म्हणाला आणि झोपला. घाट उतरून कसाऱ्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हा राघो सरांनी त्याला हलवलं. तो उठला नाही.

डिसेंबरात भाविका झाली.

राघो सर म्हणजे शहापूरला मुलांना बॉक्सिंग शिकवणारे. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, शाळेत असताना. मी जिल्ह्यापर्यंत खेळले, मितेशची ओळख तिथलीच. लग्नानंतर मी खेळ सोडला, पण त्याचा सराव मीच घ्यायची. आमच्या खर्डीच्या घराचा ओटा कमरेएवढा उंच. मी ओट्यावर उभी राहायची, हातात बांबू, बांबूच्या टोकाला जुना ग्लोव्ह बांधलेला, आणि खाली अंगणात मितेश. ओटा आणि मी आणि बांबू मिळून एक ताड व्हायचा. मी बांबू त्याच्या तोंडावर टोचत राहायची आणि त्यानं त्याखालून आत शिरून ओट्याच्या कडेला लावलेल्या पोत्यावर मारायचं.

आता तिथंच मी दिपेशसाठी उभी राहत होते. घरात झोळीत भाविका झोपली की मला पाऊण तास मिळायचा. कधी पंचवीस मिनिटं.

"हात मार, त्याला नको मारूस," मी वरून सांगायची. "बांबूवरच मार. त्याचा डावा हात खाली गेला पायजे. गेला का? आता पाऊल. त्याच्या डाव्या पायाच्या बाहेर. आत नाय, बाहेर."

"बाहेर टाकला ना."

"तो तुळशीवर टाकलास."

"तुळस मधी आली, वैनी. ताडाच्या अंगणात तुळस असल का?"

तो हसायचा तेव्हा अगदी मितेशसारखा दिसायचा नाही. मितेशचं हसणं तोंडभर होतं, याचं एका बाजूनं. पण तो वाकला, बांबूखालून मान घालून आत आला, की वरून मला फक्त मान दिसायची, आणि मानेवरचा केसांचा भोवरा. दोघांचा एकाच जागी. तेवढ्या क्षणाला माझा बांबू थांबायचा. दिपेशला वाटायचं मी दमले.

एकदा झोळीतून उठून भाविका दारात येऊन उभी राहिली आणि त्या वाकलेल्या पाठीकडं बोट करून म्हणाली, "बाबा." तिला बाबा कुणी दाखवलेला नाही. फोटो आहे, तो हार घातलेला, समोरून काढलेला. पाठ तिनं कुठं बघितली?

दिपेश सरळ झाला. ग्लोव्ह काढून तिला उचलून घेतलं आणि सराव त्या दिवशी तिथंच संपला.

सासूबाई, धोंडूबाई, या सगळ्याच्या विरुद्ध. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "एक दिला. दुसरा पण तिथंच द्यायचा हाय का?"

"आई, मला लढू दे एकदा," दिपेश म्हणाला. "नायतर मी जन्मभर त्या माणसाचा फोटो बघत बसंन."

त्या माझ्याकडं वळल्या. "तू सांग गो. तुला कळतं यातलं. परत येईल का?"

मी काय सांगणार होते? पण दिपेश माझ्याशिवाय गेला असता तर सराव न घेता गेला असता, हेही मला दिसत होतं. म्हणून मी म्हणाले, "आई, जसा नेईन तसा आणीन."

त्यांनी पिठाचा हात तसाच माझ्या हातावर ठेवला. "ध्यानात ठेव," म्हणाल्या.

मितेश का मेला ते मला माहीत होतं. निदान माहीत आहे असं वाटत होतं.

नाशिकच्या लढतीचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर आहे. भाविकाला झोका द्यायची दोरी पायाच्या बोटात अडकवायची, आवाज बंद करायचा आणि बघायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत मितेश छान आहे. तिसऱ्या फेरीत तो दमतो, आणि मग एक गोष्ट करतो जी आमच्या सरावात कधीच नव्हती. कमरेत वाकतो आणि वाकलेलाच मागं जायला लागतो. लहान लहान पावलं, एक, दोन, तीन, सरळ रेषेत. बॉक्सिंगमध्ये असं कुणी जात नाही. मागं जायचं तर सरळ होऊन जायचं, वाकायचं तर पुढं घुसायचं. वाकून मागं गेलं की डोकं नेमकं लांब हाताच्या माणसाला हवं तिथं येतं. ताडाचा उजवा हात वरून आला आणि कानशिलावर बसला.

असं वाकून मागं कोण जातं? आम्ही जातो. आवणीला. भाताची रोपं चिखलात लावताना सगळी रांग वाकलेली असते आणि सगळी मागं सरकत असते, लावलेल्या रोपांवर पाय पडू नये म्हणून. दिवस दिवस. त्या वर्षी माझ्या माहेरी, मुरबाडकडं, माणसं मिळत नव्हती. म्हशाजवळ आमची चार तुकडे जमीन. मी पोटुशी, वाकता येईना. मी मितेशला म्हटलं होतं, "जाशील का आठ दिवस?" तो गेला आणि तीन आठवडे राहिला. माझ्या बापाबरोबर रोज चिखलात. ताकदीचं काम, पायाला व्यायाम, असं दोघांनाही वाटलं. तिथून आला तो थेट लढतीला.

तीन आठवडे मी त्याच्या पायांना मागं जायला शिकवलं. असं मी धरून चालले होते. कुणाला बोलले नाही.

म्हणून यंदा जुलैत दिपेशला मी शेतात पाऊल टाकू दिलं नाही. सासूबाई आणि मी आणि दोन बाया, आम्हीच लावलं सगळं. तो बांधावर बसून भाविकाला सांभाळायचा. शेजारची हिराबाई जाता जाता टोमणा मारायची.

"काय रे, पैलवानाला चिखल बाधतो काय?"

"मावशी, मी उतरलो की तुमच्या बांधाची माती माझ्या पायाला लागून आमच्या खाचरात येते. मागच्या साली तुमीच बोललाव ना. म्हणून नाय उतरत."

हिराबाई पदराआड हसली. "तोंड तरी लढायला तयार हाय," म्हणाली.

लढत मुरबाडला होती, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. त्याच्या पंधरा दिवस आधी मला ते दिसलं.

मी ताडाच्या नंतरच्या लढती बघत होते. मितेशनंतर तो अकरा लढती लढला होता आणि सगळ्या जिंकल्या होत्या. मी दम कधी सुटतो, डावा हात परत येताना किती खाली येतो, हे शोधत होते. चौथ्या लढतीत समोरचा माणूस घसरल्यासारखा वाकून एक पाऊल मागं गेला. सोपा मार होता. ताडाचा उजवा हात छातीपर्यंत वर आला आणि तिथंच राहिला. पंचानंही थांबवलं नव्हतं, घंटाही झाली नव्हती. हात नुसता राहिला. समोरचा सरळ झाल्यावर मग त्यानं डाव्यानं मारायला सुरुवात केली.

मी मागं नेऊन परत बघितलं. मग बाकीच्या लढती. सात ठिकाणी तेच. वाकलेला आणि मागं जाणारा माणूस दिसला की त्याचा उजवा हात थांबत होता. कुणाच्या लक्षात आलं नसावं, कारण तो नुसत्या डाव्यावरही जिंकत होता.

झोळीत भाविका कूस बदलत होती. मी दोरी ओढायची विसरले होते.

म्हणजे तोही बघत होता. मला वाटायचं मितेशची ती पाठ जगात मी एकटीच वागवतेय. तिकडं तो सहा फूट सात इंचांचा माणूसही ती वागवत होता, आणि ती दिसली की त्याचा हात मरत होता.

आणि दुसरी गोष्ट लगेच सुचली, तिची मला अजून लाज वाटते. मला ताडाला पाडायची जागा सापडली होती. समोर वाकून मागं जा, तो थांबेल, हात छातीशी, पोट उघडं. तेव्हा खालून घुस. शंभर किलोचा माणूस त्या जागेवरून कुणालाही पाडेल.

दिपेशला सांगायचं का? सांगितलं असतं तर त्यानं ते केलं असतं. आणि आठव्या वेळी हात थांबला नसता तर? मी त्याला त्याच जागी उभा करणार होते जिथं त्याचा भाऊ उभा होता. शिवाय, ती जागा मितेशनं मरून केलेली होती. ती वापरायची?

मी नाही सांगितलं. आम्ही तोच सराव करत राहिलो. हातावर मार, पाऊल बाहेर, डोकं त्याच्या छातीला लाव, बरगडीत दोन, बाहेर पड. "तो खाली वाकला पायजे," मी सांगत राहिले. "वाकला की तो तुझ्याएवढाच. मागं मात्र जायचं नाय. पडलास तरी पुढं पड."

लढतीच्या दिवशी भाविकाला सासूबाईंपाशी ठेवून गेले. तिचं दूध अजून तोडलं नव्हतं. दुपार झाली तशी छाती जड व्हायला लागली, ओढणी पुढं घेऊन बसले. मी पहिल्या रांगेत, दिपेशच्या कोपऱ्यामागं. कोपऱ्यात राघो सर. फेरी चालू असताना कोपऱ्यातल्या माणसानं बोलायचं नाही असा नियम असतो, म्हणून सर मला आधीच म्हणाले होते, "तुझा आवाज तो ओळखतो. काय ओरडायचं ते तूच ओरड."

ताड दोरांवरून पाय टाकून आत आला. त्याला दोरांमधून वाकून यावं लागत नाही. मी त्याला पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. मला वाटलं होतं राग येईल. पण त्याच्या कानाच्या पाळीवर टाक्याचा बारका व्रण होता आणि तो नखं खात असल्यासारखा ग्लोव्हचं टोक दातात धरत होता. त्यानं दिपेशकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

पहिली फेरी ताडाची. डावा हात येतोय आणि येतोय, दिपेश खांद्यावर झेलतोय. दुसऱ्या फेरीत दिपेशला ते पाऊल सापडलं. हातावर मारलं, बाहेर टाकलं, आत शिरला. दोन बरगडीत. मुरबाडची पोरं उभी राहिली. परत तेच. ताड वाकला. मला वाटलं, होणार, सरळ मार्गानं होणार हे.

तिसऱ्या फेरीत मिनिटभर उरलं असताना दिपेशच्या तोंडावर एक लागला. मोठा नव्हता. पण त्याचे डोळे जरा रिकामे झाले. आणि तो वाकला.

एक पाऊल मागं. लहान. दुसरं. सरळ रेषेत, टाच आधी, जणू पुढ्यात आताच लावलेली रोपं आहेत.

हॉलमध्ये आवाज होता, मला तो ऐकू येईना. मला पाठ दिसत होती. मान, आणि मानेवरचा भोवरा घामानं चिकटलेला. तो दिपेश नव्हता. मी शपथेवर सांगते, त्या वेळी तिथं दिपेश नव्हता. ओठ मिटून श्वास सोडताना मितेश नाकातून हुं करायचा, ते हुं मी ऐकलं. माझी छाती भिजली, दूध आपोआप सुटलं, जसं बाळ रडल्यावर सुटतं.

ताडाचा उजवा हात वर गेला आणि छातीपाशी थांबला.

मी ओरडायला हवं होतं, 'मागं नको.' आम्ही हजार वेळा तेच घोकलं होतं. तो सरळ झाला असता, लढत चालू राहिली असती, कदाचित हरला असता. माझ्या तोंडून आलं, "पोटात."

दिपेश खालून वर आला. डावा, उजवा, परत डावा. तिसरा मला ऐकू आला, ओल्या पोत्यावर फावडं मारल्यासारखा. ताड घडी पडल्यासारखा गुडघ्यावर बसला. पंचानं आठ मोजले. तो उठला, पण उरलेली फेरी तो नुसता उभा होता. पाचातल्या चार पंचांनी दिपेशला दिलं.

पोरांनी दिपेशला उचलायचा प्रयत्न केला, उचलला गेला नाही, सगळे त्याच्यासकट खाली बसले. राघो सर डोळे पुसत होते. मी ओढणी घट्ट लपेटून मागच्या व्हरांड्यात गेले, नळावर तोंड धुवायला.

तिथं ताड आला. एकटाच. खांद्यावर टॉवेल. माझ्यापासून बराच लांब थांबला.

"वहिनी," म्हणाला. "मला तो दिसला."

मी नळ बंद केला.

"तुम्हाला दिसला का?"

"हो," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "नाशिकनंतर मी तुमच्या गावाला यायला निघालो होतो. दोनदा. खर्डी स्टेशनवर उतरून परत गेलो."

"आला असतात तर आईंनी चहा दिला असता," मी म्हणाले. खरं होतं ते. सासूबाईंनी दिला असता.

तो खाली बघत होता, माझ्या पायांपाशी पाण्याचं डबकं झालं होतं तिकडं. "दोन वर्षं हात जातच नव्हता. वाकलेला माणूस बघितला की जातच नव्हता. आज त्यानंच मला मारलं. बरं वाटलं, खरं सांगतो. मोकळं वाटलं." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत वाईट काही नव्हतं. "तुमचा आवाज मी ऐकला. तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून सांगून जातो. त्या पोराला सांगा, पुढच्या वेळी हात थांबणार नाही."

"धमकी देताय?"

"नाही, वहिनी. तुम्ही सांगा त्याला. नक्की सांगा."

तो दाराच्या चौकटीखाली मान वाकवून निघून गेला.

दिपेश एका बाकावर बसला होता, सर त्याच्या हातावरची पट्टी कापत होते. मला बघून एका बाजूनं हसला. "वैनी, मार्चला परत हाय. नागपूरला. सर बोलले, नाव देऊ."

मी त्याच्यापुढं खाली बसले. सगळं सांगितलं. अकरा लढती, सात वेळा थांबलेला हात, मी गप्प बसले ते, आणि ताड आत्ता काय म्हणाला ते. सरांची कात्री थांबली.

दिपेशचं हसू हळूहळू गेलं. "मंगं मी जिंकलो नाय."

"जिंकलास. ठोसा तुझा. पण आत जायचं दार त्यानं उघडं ठेवलेलं. ते आता बंद."

"मी मुद्दाम नाय गेलो मागं," तो म्हणाला. "आईशप्पत. मला कळलंसुद्धा नाय. पाय गेले. आपोआप."

"जुलैत तू चिखलात उतरला नव्हतास."

"नाय उतरलो. पण सात वर्षांचा असल्यापासून उतरतोय ना गो. दादाच्या बाजूला असायचो रांगेत. त्याच्यासंगं पाय टाकायचा म्हणजे रांग वाकडी होत नाय."

मी त्याच्या पायांकडं बघितलं. मोठे, पसरट, अंगठा बाजूला झुकलेला. मितेशचे असेच होते. म्हणजे माझ्या माहेरचे ते तीन आठवडे नव्हते. मी त्याला पाठवलं नसतं तरी दमल्यावर तो वाकून मागंच गेला असता. दोन वर्षं उरावर धरून ठेवलेलं काहीतरी तिथं सुटलं, आणि सुटताक्षणी त्याच्यामागचं दिसलं. जे पाय पंधरा वर्षं मागं जात आलेत त्यांना सात महिन्यांत मी काय शिकवणार होते?

मी उठले. "सर, मार्चला नाव देऊ नका."

सरांनी कात्री खिशात ठेवली.

"वैनी," दिपेश म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "मी जिंकलोय. सहा वर्षांत कुणी जिंकलं नव्हतं."

"हो."

"मंगं?"

"मंगं उठ," मी म्हणाले. "घरी चल."